जाहिरातीचा पैसा आणि मुलांची सुरक्षितता

आपल्या दुकानाची पाटी मटक्याच्या अड्ड्यावर लावायला आपल्यापैकी कोणी तयार होईल काय? भाडे माफ केले तरी होणार नाही. मात्र आपल्याच अत्तराची, बुरख्याची, चपलांची जाहिरात मोबाइलवर कोणत्या चित्रफितीबरोबर लागते, याची चौकशी आपण करीत नाही. रमजानच्या दिवसांत दोन-तीन हजार रुपये एखाद्या जाणकार तरुणाच्या हाती देतो आणि किती लोकांनी पाहिली एवढेच विचारतो.

या बेफिकिरीचा परिणाम फेब्रुवारी 2019 मध्ये यूट्यूबवर दिसून आला. लहान मुलींच्या कसरतीच्या, पोहण्याच्या निरागस चित्रफितींखाली विकृत माणसे घाणेरडे शेरे लिहीत होती. कोणत्या मिनिटाला काय दिसते, हे एकमेकांना सांगत होती. अशी एक फीत पाहिली की तशाच आणखी फिती कंपनीची यंत्रणाच पुढे करीत होती, आणि त्यांवर नामांकित कंपन्यांच्या जाहिराती लागत होत्या. हे उघडकीस येताच नेस्ले, डिस्ने, एपिक गेम्स, एटी अँड टी यांनी जाहिराती थांबवल्या. दोन आठवड्यांच्या आत यूट्यूबने मुलांच्या बहुतेक चित्रफितींवर शेरे लिहिण्याची सोय बंद करण्याचे जाहीर केले. विशेष म्हणजे नोव्हेंबर 2017 मध्येही याच कारणाने मार्स, आदिदास आदी कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या होत्या. म्हणजे इशारा आधीच मिळालेला होता.

एवढ्या प्रचंड पसाऱ्यावर नजर कशी ठेवायची, अशी अडचण या कंपन्या सांगतात. आम्हाला ती पटत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये गूगल व यूट्यूबला अमेरिकेत 17 कोटी डॉलर भरावे लागले. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा करून तिच्या आधारे जाहिराती दाखवल्या, हा आरोप होता. खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांपुढे मात्र यूट्यूब मुलांमधील आपल्या लोकप्रियतेची बढाई मारीत होते, असे तेथील व्यापार आयोगाने दाखवून दिले. धंदा मिळवताना मूल ओळखता येते, तर त्याचे रक्षण करताना का ओळखता येऊ नये?

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि वरच्या कोरड्या दाण्यांखालचा ओलावा बाहेर काढला, ही हदीस आपण सर्व जाणतो. यूट्यूबवर तेच घडले. वर निरागस फीत आणि खाली घाण. राशीत हात घालणे हे ती रास विकणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. मुलांची सुरक्षितता हा धंद्याचाच खर्च समजून कंपनीने तो आधी करावा. बदनामी होईपर्यंत थांबू नये. आपल्या देशातही 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली असून 200 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

परंतु पैसा देणारा यातून सुटत नाही. नेस्लेपुढे आपले दोन हजार काहीच नाहीत, हे खरे. तरीही हलाल कमाईचा तो पैसा कोठे जातो, हे पाहणे आपल्याकडे अमानत आहे. म्हणून जाहिरात लावणाऱ्याकडून ती कोठे कोठे लागली याची यादी मागावी. नको ती ठिकाणे वगळण्याची सोय असते, ती वापरायला सांगावे. आपल्या जाहिरातीबरोबर मुलांविषयी काही घाणेरडे दिसले तर लगेच तक्रार करावी आणि जाहिरात थांबवावी. चार गिऱ्हाइके कमी येतील. ज्या मोबाइलवर आपली जाहिरात लागते, तोच संध्याकाळी आपल्या मुलांच्या हातात असतो, हे विसरून चालणार नाही.