गाडगं विकायला काढलंय

मी चित्रं काढून पोट भरतो. पाट्या, लोगो, मेनूकार्डं. घर ताडीवाला रोडच्या वस्तीत, गिऱ्हाईक कोरेगाव पार्कात. रिक्षानं दहा मिनिटं. खरं अंतर मोजणारा मीटर अजून निघालेला नाही.

मागल्या वर्षी एका नव्या हॉटेलाचं काम आलं. हॉटेल म्हटलं की मालक चिडायचा. "रेस्टॉरंट म्हणा. अपस्केल कॅज्युअल." म्हणजे काय, तर भाव वरचा आणि बसायला घरच्यासारखं. कुणाच्या घरच्यासारखं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अ‍ॅडव्हान्स खिशात होता.

त्याला सगळं 'अस्सल मातीतलं' पाहिजे होतं. भिंतीवर चूल नि जातं, मेनूकार्डावर गोधडीचे टाके, अक्षर खडबडीत, आणि लोगोत एक गाडगं. जरा वाकडं, गळ्याला काळी दोरी. मी तीन रात्री जागून तीन गाडगी काढली. खोटं कशाला बोलू, झकास उतरली होती. आईनं कॉम्प्युटरवर पाह्यलं नि म्हणाली, "ह्ये गळ्यातलं का रं?"

कानफटात बसावी तसं झालं.

पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं आणि कमरेला पावलं पुसायला झाडू. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. आईनं पुस्तक वाचलेलं नाही, गाण्यांतून ऐकलंय. मी वाचलेलं होतं. तरी माझा हात थांबला नाही, हे लक्षात घ्या. तेच शहर, तेच गाडगं. फक्त गळ्यातनं काढून पाटीवर टांगायचं. आणि टांगणारा हात पुन्हा आमचाच!

मालकाला सांगितलं. तो हसला. "अहो, एवढं खोल कोण बघतं?" बरोबर आहे. ज्याच्या गळ्यात नव्हतं त्याला खोल दिसत नाही.

मग मी निळा रंग सुचवला. म्हणाला, निळ्यानं भूक मरते, आणि शिवाय तो जरा 'पोलिटिकल' वाटतो. दोस्तहो, यांची भूक निळ्यानं मरते. आमची तर निळ्यानंच पेटली! शनिवारवाड्याची कमान, पगडी, नथ, भिकबाळी छापली की ती 'संस्कृती'. निळा छापला की ते राजकारण. या शहरात रंगालासुद्धा जातीचा दाखला लागतो.

आणि मेनू? ठेचा आहे, झुणका आहे, भाकरी काळ्या दगडावर मांडलेली आहे. वजडी नाही. रक्ती नाही. चान्या नाहीत. चान्यांचं तर २०१५ सालच्या कायद्यानंच भागवलं. त्याच २०१५ साली शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यात छापलंय. मी मालकाला ते दिलं. त्यानं चुलीची वर्णनं तेवढी वाचली. यांना भांडं पाहिजे, त्यात शिजलेलं नको.

शेवटी कामाची यादी आली. त्यात एक पाटी होती : 'डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या दारानं यावे.' हीसुद्धा त्याच सुंदर खडबडीत अक्षरात करायची. मागच्या दाराशी जी पोरं उभी राहतात त्यातली चार माझ्या गल्लीतली आहेत. घटनेच्या कलम १५ नं हॉटेलाचं दार जातीवरून कुणाला बंद करता येत नाही. मालक म्हणेल, इथं जात कुठाय? हे तर कामाचं दार. ठीक. पण काम बघून दार ठरवायची ही अक्कल कुठून आली, ते त्यानं एकदा आपल्या आज्याला विचारावं.

हॉटेलाची पाटी दुसऱ्या तऱ्हेनंही रंगवता येते. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंना हौदाला शिवले म्हणून मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला लावलं. पाटी होती 'सत्यसुधारक'. महाराज स्वतः तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा प्यायचे. ते होतं रेस्टॉरंट! आणि याच पुण्यात १९७४ साली हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' काढलं. नावातच सांगून टाकलं की भाकर कुणाची. त्यासाठी कुठला लोगोवाला लागला नाही.

मी काय केलं? चौथं गाडगं काढलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं : पुणे, पेशवाई, गळ्यातलं. पाठवून दिलं. काम गेलं. अ‍ॅडव्हान्स मी परत केला नाही. तीन रात्रींचा घाम होता तो. लोगो दुसऱ्या कुणी तरी काढला. गाडगं आज पाटीवर आहे, दोरीसकट.

म्हणून हे लिहितोय. तुमच्यातली कितीतरी पोरंपोरी आज एजन्सीत बसून यांच्या भिंती सजवताहेत. सजवा, पोट आहे. पण माऊस धरण्याआधी विचारा, हे भांडं कुणाचं आणि कुणाच्या गळ्यातलं. आणि मागच्या दाराची पाटी कुणी सांगितली, तर ती रंगवू नका. तेवढी एक पाटी त्यांची त्यांना रंगवू द्या. स्वतःच्या हातानं.