जिवाणूंचीही शिरगणती हवी

कारखान्यांचे सांडपाणी यंत्रे शुद्ध करतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः यंत्रे हवा पुरवितात. घाण फस्त करण्याचे मूळ काम जिवाणूंचे. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेली ही पद्धत आजही जगभर रूढ आहे. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राची भिस्तही अशाच अदृश्य कामगारांवर आहे.

तथापि कायद्याचा कटाक्ष असतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. त्यातील जैविक प्राणवायूची मागणी मोजण्यास तीन दिवस लागतात. तोवर ते पाणी दाभोळच्या खाडीला मिळालेले असते. अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू तर अतिशय सावकाश वाढतात. विषारी रसायनाचा एक लोंढा आला की ते नष्ट होतात आणि घडी पुन्हा बसण्यास कित्येक आठवडे जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत हे जिवाणू म्हणजे भांडवल होय. आणि भांडवलाची मोजदाद न ठेवणाऱ्या पेढीचे दिवाळे बाहेरच्यांना अखेरीसच कळते.

यांतील फार थोडे जिवाणू प्रयोगशाळेत वाढविता येतात. आता मात्र जनुकांवरून त्यांची ओळख पटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २३ देशांतील २६९ केंद्रांच्या पाहणीत जगभरचा समान गाभा अवघ्या २८ प्रकारांचा निघाला. उरलेला प्रचंड समुदाय स्थलपरत्वे भिन्न. म्हणजेच परक्यांची यादी आपल्या उपयोगी नाही. लोट्याची शिरगणती लोट्यातच झाली पाहिजे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेकडे हे ज्ञान आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. रोज सूक्ष्मदर्शकाखाली गाळाची तपासणी आणि दर तिमाहीस जनुकीय नोंद, एवढी व्यवस्था अशक्य नाही.

लहान कारखानदार याला भुर्दंड म्हणतील. परंतु टाळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. खाडीतील मासळी कमी झाली की तो भोई बांधवांच्या चुलीतून वसूल होतो. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मान्य केले आहे. भरपाईपेक्षा प्रतिबंध स्वस्त असतो. सबब या शिरगणतीचा खर्च प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रमाणात आकारावा आणि तिचे निष्कर्ष खाडीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत लावावेत.