पुस्तक मिटल्यानंतरचे रसायनशास्त्र

पौष सरत आला आणि शाळांच्या पूर्वपरीक्षा आटोपल्या, की भाईंदरच्या केबिन रोडवर, जेथे इमारतींच्या माडीवरील खोल्यांतून शिकवणीवर्गांचे दिवे रात्री उशिरापर्यंत मालवत नाहीत, तेथे दहावीच्या मुलामुलींच्या हाती एकच साधन दिसू लागते: पिवळ्या आणि गुलाबी रेघांनी रंगलेले पाठ्यपुस्तक. तेच पान पुन्हा वाचले जाते. वाचलेले ओळखीचे वाटते. आणि जे ओळखीचे वाटते ते आपल्याला येते, अशी त्या कोवळ्या मनाची सहजच समजूत होते. रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत गुणांची जी हानी होते, तिचे प्रमुख कारण बुद्धीची उणीव किंवा श्रमांचा आळस हे नसून ही समजूत हेच होय, असे माझे मत आहे.

या मताला प्रयोगाचा दाखलाही आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकींत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचून पुढच्या तीन बैठकींत, उताऱ्याकडे न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासणी झाली तेव्हा वाचणारे पुढे होते; त्यांना मजकुराचा शेकडा ८३ भाग आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१. परंतु एक आठवडा लोटल्यावर वाचणाऱ्यांजवळ शेकडा ४० उरले आणि लिहिणाऱ्यांजवळ ६१. परीक्षा ही पाच मिनिटांनी होत नसते, हे ज्याच्या ध्यानात आले त्याने पुस्तक मिटून लेखणी उचलावी.

मात्र केवळ पुस्तक मिटून भागत नाही. रसायनशास्त्रात काय आठवायचे याचाही विवेक हवा. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या दहा पाठांच्या पुस्तकात रसायनशास्त्राचे पाठ चार: आवर्ती वर्गीकरण दुसरा, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे तिसरा, धातुविज्ञान आठवा आणि कार्बनी संयुगे नववा. मध्ये विद्युतधारा, उष्णता आणि प्रकाश येऊन बसल्यामुळे मुले या चौघांना परस्परांशी नाते नसलेली चार प्रकरणे समजतात आणि प्रत्येकाची वेगळी घोकंपट्टी करतात. वस्तुतः ही एकच साखळी आहे, आणि उजळणीच्या वेळी हे चार पाठ लागोपाठ घ्यावेत, असा माझा आग्रह आहे.

ॲल्युमिनिअमचेच उदाहरण पाहू. त्याचा अणुअंक १३. म्हणून इलेक्ट्रॉन संरूपण दोन, आठ, तीन. म्हणून संयुजा तीन. ऑक्सिजनची संयुजा दोन. तेव्हा ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनिअमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन असणार, हे कोणी सांगण्याची गरजच उरत नाही. पुढे अभिक्रियाशीलता श्रेणीत ॲल्युमिनिअम कार्बनच्या वर आहे एवढे स्मरले, की जस्ताच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेणारा कार्बन येथे हतबल का होतो आणि अ‍ॅल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये मिसळून त्यातून वीज का खेळवावी लागते, हे उलगडते. धनाग्रावर मुक्त झालेला ऑक्सिजन ग्रॅफाइटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून धनाग्रे झिजतात आणि वरचेवर बदलावी लागतात. ज्या मुलाने हा सारा तपशील एका कोऱ्या कागदावर अणुअंकापासून धनाग्रापर्यंत स्वतः उतरवला, त्याला दोन पाठांचे सार हाती आले. आणि ज्याने तो सुटा सुटा पाठ केला, त्याचा एक दुवा परीक्षेच्या मंडपात निसटला, तर पुढचे काहीच सापडत नाही.

साखळीच्या आधारे न सापडणारा दुवा ओळखण्याचे हे काम आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८६९ मध्ये केले होते. त्याच्या काळी ज्ञात असलेली मूलद्रव्ये अवघी ६३. परंतु मांडणीचा क्रम पक्का असल्यामुळे त्याने काही जागा धैर्याने रिकाम्या ठेवल्या, आणि गॅलिअम १८७५ मध्ये, स्कँडिअम १८७९ मध्ये व जर्मेनिअम १८८६ मध्ये सापडून त्या भरल्या. पहिल्या वीस मूलद्रव्यांचा तक्ता स्मरणाने काढताना एखादे नाव सुटले, तर विद्यार्थ्याने लगेच पुस्तक उघडू नये. शेजाऱ्यांवरून त्या रिकाम्या जागेची संयुजा आणि धातू-अधातू स्वभाव आधी ठरवावा, मग नाव शोधावे.

समीकरणांच्या बाबतीत एका चुकीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी होण्याचे समीकरण संतुलित करताना पुष्कळ मुले उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो असे पाहून पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली दोनाचा आकडा घालतात. हिशेब जुळतो खरा, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते! सूत्राला हात न लावता केवळ पुढचे सहगुणक बदलायचे, हा नियम वाचून पटतो आणि लिहिताना मोडतो. म्हणून अशा चुकांची एक स्वतंत्र वही असावी आणि ती एका दिवसाआड, मग आठवड्याने, अशी अंतराअंतराने पुन्हा सोडवावी.

केबिन रोडच्या विद्यार्थ्यांना तर आणखी एक लाभ आहे, ज्याचा उपयोग क्वचितच करून घेतला जातो. भाईंदर हे मिठागरांचे गाव. खाडीचे पाणी उन्हात आटवताना सोडिअम क्लोराइडचे स्फटिक आधी बसतात आणि मॅग्नेशिअमचे क्षार मागच्या कडवट पाण्यात राहतात. जाडे मीठ पावसाळ्यात पाझरते ते त्यातील मॅग्नेशिअम क्लोराइडमुळे. मॅग्नेशिअम दुसऱ्या गणातील, क्लोरीन सतराव्या. सूत्र लिहून पाहावे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत जी पोलादी भांडी घडतात, त्यांवर क्रोमिअमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, म्हणून ती गंजत नाहीत. आणि त्याच वस्तीतील खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत लवकर गंजतात. क्षरण कसे होते, मिठाने ते का वाढते, जस्तविलेपनाने ते कसे रोखले जाते, ही तीन उत्तरे त्या जाळीपाशी उभे राहून पुस्तकाविना देता आली, तर धातुविज्ञानाचा तो भाग तयार झाला असे खुशाल समजावे.

पालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी ‘किती वाचलेस’ हा प्रश्न महिनाभर तहकूब ठेवावा, रोज रात्री मुलासमोर एक कोरा कागद ठेवून एका मूलद्रव्याचे नाव सांगावे आणि वीस मिनिटांनी तो कागद पुस्तकाशी ताडून पाहावा. त्यासाठी पालकाला स्वतःला रसायनशास्त्र यावे लागत नाही. शाळांनीही परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यात निदान एक दुपार प्रयोगशाळेचे कुलूप काढावे, म्हणजे मोरचुदाच्या निळ्या द्रावणात खिळा टाकल्यावर त्याच्यावर चढणारा तांब्याचा लालसर थर आणि फिकट हिरवे होत जाणारे द्रावण विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी एकदा तरी पुन्हा पाहता येईल.