क्रमाचा घोळ

कोणत्याही कचेरीचे पत्रक उघडावे. 'यथाक्रम', 'अनुक्रमे' आणि 'क्रमशः' हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागा बळकावून बसलेले दिसतात. विचारावे तर उत्तर ठरलेले : "अर्थ एकच हो!" अर्थ एकच असता तर भाषेने इतकी पोरे पोसली कशाला?

'अनुक्रमे'ला दोन याद्या लागतात. वाशीम व गोंदिया हे जिल्हे १९९८ व १९९९ साली अनुक्रमे अकोला व भंडारा या जिल्ह्यांतून निघाले, असे म्हटले की पहिल्याची गाठ पहिल्याशी पडते, दुसऱ्याची दुसऱ्याशी. पण 'पाहुणे अनुक्रमे आत आले' ही एका चाकाची बैलगाडी झाली! 'यथाक्रम' म्हणजे आधी ठरलेल्या क्रमाला धरून. 'क्रमाक्रमाने' म्हणजे पायरीपायरीने. आणि पानाखाली 'क्रमशः' दिसले की मराठी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहू लागतो. हिंदीत त्याच शब्दाचे 'अनुक्रमे' आणि 'हळूहळू' असे दोन्ही अर्थ होतात. तिच्या घरी ते योग्यच. भंडाऱ्याची शीव बालाघाटला भिडलेली, तेव्हा शब्दांची ये-जा चालायचीच. मात्र पाहुणा आला म्हणून घरच्यांना पानावरून उठवू नये.

घरचे शब्द घरातच ऐकावेत. दिवाळीचे दिवस ओळीने येतात, मुलांची अभ्यंगस्नाने पाळीपाळीने होतात, पूजा यथासांग, म्हणजे सर्व अंगांसह होते, आणि फराळाचे डबे एकामागून एक रिकामे होतात. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहा, म्हणजे गंमत कळेल.

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्या पंडितांचा खेळ आहे. मुळीच नाही. भंडारा हा धानाचा मुलूख. पऱ्हे, चिखलणी, रोवणी, निंदण हा क्रम इथे पोटाशी बांधलेला आहे. समजा, फळ्यावर लिहिले : 'पाणी क्रमशः सोडण्यात येईल.' म्हणजे थोडेथोडे, की एकेकाला? आणि आधी कोणाला? ज्याची बांधी पाटाच्या तोंडाशी, तो आपल्या सोयीचा अर्थ काढून मोकळा होतो. शेवटच्या टोकाचा आभाळाकडे बघत बसतो. वास्तविक पाटबंधाऱ्याच्या व्यवहारात 'शेजपाळी' हा नेमका मराठी शब्द आहे : शेजाऱ्यामागून शेजाऱ्याची पाळी. त्यात क्रम आला आणि हक्कही आला. 'क्रमशः'मध्ये क्रम आहे, पण हक्काचा पत्ता नाही.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली; १९८८ साली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पाणी आणि भाषा दोन्ही लोकांच्या दारी आणायची, तर दोहोंत गढूळपणा चालणार नाही. आमचे मागणे एवढेच : नोटीस लिहिणाऱ्याने भारदस्त शब्द शोधण्याआधी पहिला कोण, दुसरा कोण आणि कोणत्या दिवशी, हे लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर उणीव शब्दांची नाही. क्रमच ठरलेला नाही, असे लोकांनी खुशाल समजावे, आणि तसे तोंडावर विचारावे.