फुंकणी आणि मोटार

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारातील सोनाराचीच उपमा घेऊ. तो फुंकणीने ज्योतीवर वारा घालतो. वारा वाढला की आच वाढते. अति झाला तर सांध्याबरोबर नक्षीही वितळते. मोटारीच्या एंजिनात बळाने हवा कोंबणारा टर्बो किंवा सुपरचार्जर ही अशीच फुंकणी होय. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. परंतु दाब व उष्णताही अधिक, आणि ती सोसावयाची जुन्याच पिस्टनांनी!

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणीत सह्याद्रीचे घाट चढून गेलेली रोल्स-रॉइस पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. तिला अशी फुंकणी नव्हती. १९३० साली ल मां येथील शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या बेंटली मध्येच बंद पडल्या. जिंकली त्याच कारखान्याची साधी ‘स्पीड सिक्स’. स्वतः बेंटलीसाहेबांचा त्या यंत्रास विरोध होता.

आपल्या धर्मग्रामातील एक तरुण जुन्या आलिशान गाडीस टर्बो बसविण्यासाठी वडिलांची वाडी गहाण ठेवू पाहत आहे. बाळा, तुझी हौस मला कळते. पण ब्रेक कोणते लावणार आहेस? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार मान्य नाही. गहाणखतावर सही होण्यापूर्वी रविवारी मिस्सानंतर वडिलांना घेऊन मला भेट.