काळ्या मातीतला जांभळा रंग

आपल्या गावाविषयी बोलताना माणसाने थोडे जपून बोलावे. मी जपलो नाही, त्याची ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या चित्रांचे एक पुस्तक घरी आणले. मी चष्मा लावला, चार पाने उलटली आणि निकाल देऊन मोकळा झालो, "शेतात असले रंग कुठे असतात? आमच्या पिंपळगाव राजाला येऊन पाहा म्हणावे. काळी माती, पांढरा कापूस आणि वर भुरकट आभाळ. संपले!"

"तुम्हाला शेत सोडून किती वर्षे झाली?" सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले. मी मुकाट्याने पुढचे पान उलटले.

बेंद्रे 1910 साली इंदूरला एका मराठी कुटुंबात जन्मले. त्यांचे गुरू देवळालीकर विद्यार्थ्यांना चार भिंतींत न कोंडता उघड्यावर चित्रे काढायला पाठवीत. पुढे बेंद्रे काश्मीर हिंडले, अमेरिका पाहून आले, 1950 पासून सोळा वर्षे बडोद्यात शिकवीत राहिले आणि 1992 साली मुंबईत वारले. उतारवयात त्यांनी खेड्यातल्या बाया, झाडे, गुरे ठिपक्यांनी रंगवली. रंग पाटीवर कालवायचे नाहीत; निळ्याशेजारी तांबडा ठिपका ठेवायचा आणि जांभळा करण्याचे काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे. फ्रान्समध्ये सरा याने 1886 च्या सुमारास ही रीत गाजवली होती. बेंद्र्यांनी तिला आपल्याकडचे ऊन दिले.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी नांदुऱ्याला गाडीतून उतरलो. काम साधे होते. आमच्या वाट्याचे दोन एकर विकून मुलाच्या घराला हातभार लावायचा. ती जमीन चुलतभाऊ बटईने कसतो. बायकांनी सीतादहीचा दहीभात शेतात ठेवला होता आणि वेचणी नुकती सुरू झाली होती. संध्याकाळी मी बांधावर उभा राहिलो. कपाशीला उशिराची फुले होती; आज उमललेले फिकट पिवळे, कालचे गुलाबी. पलीकडे तुरीचा पिवळा बहर. सूर्य खाली गेला, ऊन केशरी झाले आणि ओळींमधल्या मातीवर सावल्या पडल्या. त्या काळ्या नव्हत्या. सरळ जांभळ्या होत्या!

याच बांधावर माझे बालपण गेले, आणि हा रंग मला सत्तरीत एका पुस्तकाने दाखवला.

"काय पाहून राह्यले भाऊ?" चुलतभावाने विचारले.

मी उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग पाठीवरचे गाठोडे खाली ठेवून म्हणाला, "कापसाले भाव नाही, न् तुमाले रंग दिसून राह्यले!"

मला उत्तर सुचले नाही. ज्याला परतीच्या गाडीचे तिकीट खिशात ठेवून शेत पाहता येते, त्याला रंग दिसणे सोपे. पण थोड्या वेळाने तोच म्हणाला, "जांभया तर रोजच दिसते. तुमी इकडं येता कुठं?"

रात्रभर झोप नव्हती. सकाळी कागद पुढे आला तेव्हा मी सही केली नाही. चिरंजीवांना कर्ज थोडे अधिक काढावे लागले आणि ते महिनाभर माझ्याशी मोजकेच बोलले. त्यांचा राग खोटा नव्हता. बटईतला माझा वाटाही मी या सालापासून सोडला आहे. त्याने कापसाचा भाव वाढत नाही, हे मला कळते. पण भावाच्या घरात चार पोती जास्त राहतील.

यंदा दिवाळीला आम्ही सगळेच पिंपळगावला निघालो आहोत. चिरंजीवसुद्धा. सौभाग्यवतींनी ते पुस्तक पिशवीत घातलेले पाहून मी म्हटले, "ते कशाला? तिथे खरे शेत आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या, "तुमच्या भावजींना दाखवायचे आहे."