सगळीच मडकी एका भट्टीतली नव्हेत

तेर येथे गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन तेरणेच्या काठी बसलो होतो. सोबतच्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "मुसलमान काय, ख्रिस्ती काय, दोघेही एका ग्रंथाला बांधलेले. मग दोघांचा मोक्षविचारही सारखाच ना?" हा समज आपल्या घराघरांत आहे. वस्तुतः तो चुकीचा आहे आणि समान नागरी कायद्याच्या चर्चेत तो आपल्यालाच नडतो.

ख्रिस्ती पंथाचा पहिला मोठा वाद धर्मनियमांवरूनच झाला. यहुदी नसलेल्या अनुयायांनी सुंता व मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय? इ.स. ५०च्या सुमारास जेरुसलेमच्या सभेने सुंतेची सक्ती नाकारली. पौलाने तर नियमशास्त्राला मुलाला गुरूपर्यंत पोचविणाऱ्या सेवकाची उपमा दिली. तारण श्रद्धेने, नियमपालनाने नव्हे, हा त्याचा सिद्धान्त. श्रद्धा आणि सत्कृत्ये यांच्या नात्यावरून १५१७नंतर युरोप दुभंगला. कॅथॉलिक व लूथरपंथीयांचे या विषयावरील संयुक्त घोषणापत्र निघाले ते थेट १९९९ साली. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. बाह्य विधी आणि अंतरीची श्रद्धा यांतील अंतर त्यांना असे स्वानुभवाने कळले.

इस्लामची घडण निराळी. 'शरीयत' या शब्दाचा मूळ अर्थच पाणवठ्याकडे जाणारी वाट असा आहे. तेथे श्रद्धा आणि सदाचरण यांचा उच्चार जोडीने होतो. मात्र घोर पाप करणारा मुसलमानच उरत नाही, हे खारिजींचे मत बहुसंख्य सुन्नी आचार्यांनी अमान्य केले. अखेरचा भरवसा अल्लाच्या दयेवरच. म्हणून कायद्याला हात लागला की सामान्य मुसलमानाला परलोकाची वाट अडविल्यासारखे वाटते. ही भीती निव्वळ मतपेढीतून जन्मलेली नाही. शाहबानो प्रकरणात १९८५ साली ती दिसली. राजकारण्यांनी ती वापरली, हे अर्थातच खरे.

पण शरीयतच सर्व कृत्यांना एका मापाने मोजत नाही. फर्ज, मुस्तहब, मुबाह, मकरूह, हराम असे पाच वर्ग तिने केले आहेत. बहुपत्नीत्वाची मुभा आहे, ते प्रत्येकाचे फर्ज नव्हे. मुभा सोडल्याने कोणाचा स्वर्ग कसा हुकेल? एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकला तर परंपरेनेच 'तलाक-ए-बिद्दत' म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तो रद्द ठरविला. नमाज, रोजा, जकात यांना धक्का लागला नाही. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्याने हा युक्तिवाद करावा. उपहासाने दारे बंदच होतात.

आणि आपल्याकडे? गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, तेव्हा नामदेवांचे मडके कच्चे निघाले, अशी कथा आहे. नामदेवांचा एकही नियम मोडला नव्हता, भक्तीही उणी नव्हती. उणीव अहंकाराची आणि गुरूच्या अभावाची होती. एवढे सांगून आपण सुखावतो. परंतु त्याच संतमेळ्यातील चोखोबांना विधिनिषेधाने विठ्ठलाच्या दाराबाहेर ठेवले आणि ते नियमही धर्माच्याच नावाने चालत होते. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरी उपोषण करावे लागले. तेव्हाही धर्म बुडेल असे म्हणणारे होतेच. दार उघडले, आणि आषाढीची वारी आजही चालतेच आहे. मुस्लिम शेजाऱ्याशी बोलताना हे आपण आधी सांगावे.